कोहळ्याच्या बिया

"फेकू नको त्या. धू आन धाब्यावर वाळू घाल."

सासूचा आवाज आला तशी अंजना टोपलं घेऊन अंगणातच थांबली. टोपल्यात कोहळ्याच्या बिया होत्या, चिकट गरासकट. बहात्तरचा दुष्काळ सरून रिठद गावात पहिल्यांदा ज्वारी भरून आली होती, म्हणून सासूनं, चतुराबाईंनी, आदल्या दिवशी पंगत घातली होती. कोहळ्याची भाजी आणि पुऱ्या. उरलेल्या बिया अंजना उकिरड्यावर टाकायला निघाली होती.

तिनं बिया धुतल्या आणि धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरल्या. तिचं लक्ष या घरात उरलंच नव्हतं. आखाजीला, उन्हाळ्यातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, भाऊ न्यायला येणार होता आणि परत यायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

नवऱ्यानं, इंद्रभाननं, तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. तो बोललाच नव्हता. घर माणसांनी भरलेलं. थोरले दीर, जाऊ, लेकरं, एक म्हातारी आत्या. पुरुष ओसरीत झोपत, बाया माजघरात. चारचौघांसमोर बायकोशी बोलणं तेव्हा निलाजरेपणाचं समजत. लग्नाला वर्ष होत आलं, तरी त्या अबोल्याचा अंजनाला एकच अर्थ लागला होता: आपण त्याला आवडलो नाही. आखाजीच्या गाठोड्यात तिनं थंडीतली वाकळसुद्धा बांधली. चतुराबाईंनी ते गाठोडं पाहिलं. विचारलं मात्र काहीच नाही.

बिया खडखडीत वाळल्या तशी त्यांनी हाक मारली, "अंजना, वर बसून बियांतला मगज सोल. इंद्रभान, तू बी जाय. पाखरं हाकल आन तिले सोलू लाग."

"गड्यामाणसाचं काय काम हाय तिथं?" थोरली सून बेबीताई हसली.

"मले मगज पायजे. लवकर पायजे," चतुराबाई म्हणाल्या. 

धाब्यावर दोघं समोरासमोर बसली. मधे बियांचा ढीग. खालून सगळ्यांना दिसत होती, पण ऐकू कुणाला काही जात नव्हतं. एक बी सोलून बाजूला ठेवत इंद्रभान म्हणाला, "नखं दुखत असतीन ना तुही?"

अंजनानं मान वर केली. "तुमाले बोलता येते?"

तो आधी दचकला, मग हसला. "तूच त मले पाह्यलं का पदर वढून निंगून जाते. मले वाटलं, मी तुले पसंतच नाई."

अंजनाला रडू आलं आणि हसूही. बी सोलायचं दोघंही विसरली. तेवढ्यात चिमण्या येऊन अर्धा ढीग विस्कटून गेल्या.

सांजेला वाटीभरही मगज निघाला नाही. बेबीताईनं तोंड वाकडं केलं. चतुराबाई म्हणाल्या, "राहू दे. उद्या सोलतीन." दुसऱ्या दिवशीही ढीग सरला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

आखाजीला भाऊ आला आणि अंजना माहेरी गेली. सण झाला तशी तिनंच भावाच्या मागे लकडा लावला, मले एसटीत बसवून दे.

परतल्यावर चूल सारवताना तिला मगजाचा डबा सापडला. कुणी हातही लावला नव्हता. तिनं सासूला विचारलं,

"आत्याबाई, हा मगज तसाच हाय. लाडू करू का?"

"खवट झाला असंन. टाक चिमण्याईले."

"मंग येवढा सोलाले कायले लावला?"

चतुराबाई दारात गहू निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला.

"तुहे सासरे गेले तवा इंद्रभान पाळण्यात होता," त्या म्हणाल्या. "दोन लेकरं झाली मले त्याईच्यापासून. पण बाई, त्याईचा आवाज कसा होता, ते मले आज सांगता येत नाई."