बाईनं दूध झाकलं

खून ड्रायव्हरनं केला होता. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण सदाशिवरावांच्या हॉलमध्ये निकाल कधीच लागला होता: खून बायकोनं केला. मालिकावाल्यांना काय वाटतं, हा त्यांचा प्रश्न.

सिडकोतल्या त्या घरात रविवारी जेवणं आटोपली की गुन्ह्याची मालिका लागायची. बघायला नव्हे, तिच्या चुका काढायला. रिमोट सदाशिवरावांच्या मुलाकडं, सुयशकडं. कुणी 'थांब' म्हटलं की चित्र थांबवायचं आणि मागं न्यायचं, एवढं एक काम तो घरात मन लावून करायचा.

"थांब, थांब," पुतणी ओवी म्हणाली. "प्रेत श्वास घेतंय."

सुयशनं मागं नेलं. प्रेत खरंच श्वास घेत होतं. अगदी निवांत, जेवून पडल्यासारखं.

"अन् इन्स्पेक्टरचा शर्ट बघा," सदाशिवराव म्हणाले. "जिन्यात निळा, दारात पांढरा. जिन्यात काय धोबी बसतो का?"

सगळे हसले. ओवीची आई, सुलेखा, मागं टेबलापाशी मेथी निवडत होती. ती हसली नाही. वर्षापूर्वी तिचा नवरा प्रमोद, म्हणजे सदाशिवरावांचा धाकटा भाऊ, शेंद्र्याच्या कंपनीत खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याआधीही ती फार हसायची असं नाही, पण तेव्हा कुणी लक्ष ठेवून नव्हतं.

पडद्यावर इन्स्पेक्टर बाईला म्हणाला, तुमचे मिस्टर राहिले नाहीत. बाई म्हणाली, "एक मिनिट." आत गेली, गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं आणि मग येऊन बसली.

हॉलमध्ये गदारोळ झाला.

"हीच ती!" सदाशिवरावांच्या बायको भानुमतीबाई ओरडल्या. "नवरा गेला अन् हिला दूध सुचतं? डोळ्याला पदर तरी लावायचा, मेलीनं!"

"ॲक्टिंगच बेकार आहे, आई," सुयश म्हणाला. "परत दाखवू?"

"दाखव."

बाईनं पुन्हा दूध झाकलं. मग आणखी एकदा झाकलं. दर खेपेला ती जास्तच गुन्हेगार दिसायला लागली. ते दूध कुणी प्यालं असतं, तर त्यालाही सहआरोपी केलं असतं.

सुलेखाच्या मुठीत मेथी देठासकट चुरगळली. "झटका बसला असंल तिला," ती मागून म्हणाली.

"झटका बसला की माणूस मटकन खाली बसतं. किचनमध्ये जात नाही," सदाशिवराव मान न वळवता म्हणाले.

"दूध उतू गेलं असतं."

"जाऊ दे की! नवरा गेला तिथं दुधाचं काय घेऊन बसलीस?"

"अगं, सिरियल आहे ही," भानुमतीबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तू कशाला अंगाला लावून घेतीस?"

हेही खरंच होतं. वर्षभरात या घरात सुलेखाला कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. बोलायचे ते मालिकेतल्या बायकांना. ही कशी रडली नाही, तिला कशी लगेच भूक लागली, ती कशी सुतकात कपाट आवरत बसली. त्यामुळं सुलेखाला भांडायला माणूसच सापडत नव्हतं.

"पण आई, खरंच," ओवी म्हणाली. "हिला काहीच वाटलं नाही."

प्रमोद गेला तेव्हा ओवी शाळेच्या सहलीला गेली होती. घरात काय झालं, हे तिला मोठ्यांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. टीव्हीतल्या बाईला फाशी झाली असती तरी सुलेखाची हरकत नव्हती. फक्त ही एक पोरगी त्या सोफ्यावरच्यांच्या बाजूनं जायला नको होती.

"असतात अशा बाया," सदाशिवराव म्हणाले. "आपण काय पाहिल्या नाहीत?"

"कुणाला पाहिलं, काका?"

सदाशिवरावांना एकदम खोकला आला.

"मला," सुलेखा म्हणाली.

सुयशनं कुणी न सांगता चित्र थांबवलं. बाईचा हात झाकणावरच राहिला.

"तुझ्या काकांनी दारात सांगितलं, प्रमोद गेला. त्या दिवशी आठ दिवसांनी नळ आला होता. ड्रम भरून वाहायला लागला होता. मी आधी पाइप हौदात सोडला आणि मग विचारलं, काय म्हणालात. काकांनी पाहिलं ते एवढंच."

"विषय सिरियलचा चाललाय, सुलेखा."

"हौ ना. वर्षभर सिरियलचाच चाललाय!" ती उठली. मेथी फरशीवर सांडली. "ह्यांना शेवटची आंघोळ कशानं घातली, दादा? लासूरहून दोन जीपा भरून माणसं आली. त्यांचे पाय, त्यांचा चहा, तेराव्याची भांडी, कशानं झालं सगळं? वहिनींच्या आसवांनी?"

भानुमतीबाईंचा पदर डोळ्यांकडं निघाला होता, तो अर्ध्यात थांबला.

ओवी आईकडं बघत होती. मघाशी प्रेताकडं बघत होती तशी, जवळ सरकून, श्वास चालू आहे का ते.

सुलेखा तहसील कचेरीत अर्ज तपासायची. संताप फार झाला की तिचा आवाज चढत नसे, कचेरीतला होई.

"तरी या घरातील सर्व लहानथोरांना सविनय विनंती," ती म्हणाली, "की यापुढे ज्यांना मरावयाचे असेल, त्यांनी नळाचा दिवस सोडून मरावे. कळावे."