डब्यातलं भजन

“धरमसिंग, कोणी इश्वास ठेवत नाही, तूही ठेवणार नाहीस,” कैलासचंद सेठजी म्हणाले, “पण आमच्या गुलाबबाईचा आवाज या डब्यात आहे. बाई मुकी अन् डबा गाते!”

धरमसिंग कॉम्प्युटरवाल्यानं डब्याचं झाकण उघडलं. कारंज्याच्या त्या घरातला हा सर्व्हर सेठजींनी स्वतःच्या हातानं जोडला होता. जुना कॉम्प्युटर आणि दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच. एक मेली तर दुसरी राहावी म्हणून. दर रविवारी ते ब्रशनं पंख्यावरची धूळ झाडत. आत बायकोची चारशे बारा भजनं होती, लोकांच्या मोबाइलवरून मागून आणलेली.

“दोन वर्षं झाली तिच्या घशाले. अकोल्याचा डॉक्टर ढसढसा रडला अरे! म्हणे, असा गळा गेला, आता मी दवाखाना कायले चालवू?”

बाजूला गुलाबबाई फ्रीजमधलं गार ताक पीत बसल्या होत्या.

सून चंदना दाराशी उभी होती. लग्नाला आठ महिने झाले, सासूचं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. रोज सकाळी डब्यातलं भजन मात्र ऐके. काल तिनंच सर्व्हरचा प्लग काढला होता. पुन्हा लावला तेव्हा एक डिस्क उठलीच नाही.

“काहून काढला प्लग?” सेठजींनी दहाव्यांदा विचारलं.

“बाबूजी, स्वयंपाकघरातलं बटण जळालं. मिक्सर लावायचा होता, चटणी...”

“माझ्या बायकोच्या गळ्याची चटणी केली तू!”

“सेठजी, दम धरा,” धरमसिंग म्हणाला. “दुसरी चालू आहे. नव्या डिस्कवर उतरून राह्यलं सगळं. कोणी हात लावू नका.”

पडद्यावर आकडा चढू लागला. चाळीस टक्के. पन्नास. चंदना मनात णमोकार म्हणत होती.

त्रेसष्टवर आकडा थांबला. डब्यातून टक-टक आवाज आला, मग तोही बंद. धरमसिंगनं कान लावला, मान हलवली.

“गेली. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या होत्या ना? संगंच म्हाताऱ्या झाल्या. प्लगचं तर निमित्त. तिसरीकडं कॉपी?”

“दोन होत्या म्हणून तर नाही ठेवली!”

सेठजींचा चेहरा लालबुंद झाला. ते चंदनाकडे वळले.

“बॅग भर! तुहा नवरा जिनेश दुकानातून आला की तुले केनवडले तुह्या बापाच्या घरी सोडून देईन. माझ्या बायकोचा आवाज मारला तू, या घरात तुझं तोंड पाहायचं नाही मले!”

“सेठजी, मशीन आहे, पोरीचा काय...”

“तू चूप रे! तुले काय माहीत काय गेलं माझं! तो डॉक्टर...”

चंदना रडत आत निघाली.

“थांब गं पोरी. कुठंच जायचं नाही.”

ती जागीच खिळली. हा आवाज तिनं रोज सकाळी ऐकला होता. धरमसिंगनं आधी डब्याकडे पाहिलं. डबा बंद होता.

गुलाबबाई नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“खोटं बोलून राह्यले हे. घशाले काही झालं नाही अन् डॉक्टर कोणी नाही. दोन वर्षांआधी म्या देवघरात भजन म्हणत होती, तं हे माह्यावर वरडले, ‘तुझं रडगाणं आता मरेपर्यंत ऐकायचं नाही मले.’ म्या तिथंच मौनाचा नेम घेतला.”