इंजिनात खारं पाणी

तेल तपासायची पट्टी तिने इंजिनातून बाहेर काढली. तेल काळं राहिलं नव्हतं. दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. म्हणजे रात्रीतून पाणी आत शिरलं होतं. तिला हायसं वाटलं आणि बोटीच्या मालकांनी, म्हणजे कप्तानांनी, कपाळावर हात मारला.

“माझी बोट म्हणजे काय दवाखाना वाटला तुला?” ते म्हणाले.

“काका, एवढी शेवटची वेळ.”

“मागच्या खेपेलाही हेच म्हणाली होतीस.”

खरं होतं ते. तिचे वडील, आप्पा, चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करत आले. मग अर्धांगाचा झटका आला आणि त्यांनी अंथरूण धरलं. उजवा हात थरथरायचा, बोलता बोलता शब्द अडायचा. अंग सुधारेल, पण माणसाने मनच सोडलं तर आम्ही काय करणार, असं डॉक्टर म्हणाले. वर्कशॉपला कुलूप लागलं. घरात दोघंच. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बापाकडे बघून तिचा जीव तुटायचा.

एके दिवशी कप्तानांच्या इंजिनाचा पट्टा खरोखरच तुटला, आणि कुणी न बोलावता आप्पा काठी टेकत धक्क्यावर आले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी कप्तानांचं इंजिन बिघडू लागलं.

बिघाड करणं वाटतं तितकं सोपं नाही. ती वर्कशॉपमध्ये सुटे भाग विकायला बसायची, तेवढीच तिची इंजिनाशी ओळख. आता ती आप्पांची जुनी पुस्तकं घेऊन बसायची, पानं चाळायची, आकृत्या काढायची. बिघाड आप्पांना शोभेलसा हवा आणि मुद्दाम केलेला तर अजिबात वाटायला नको. आधी सोपे झाले, मग मधले. आजचा सगळ्यात अवघड होता. तो सापडला नाही तर आप्पा पुन्हा भिंतीकडे वळणार, या धास्तीने तिला सकाळचा चहाही गेला नव्हता.

आप्पा आले. इंजिनाशेजारी बादली उलटी ठेवून तिच्यावर बसले.

“स्टार्टरला हात लावू नका,” हे त्यांचं पहिलं वाक्य. “सिलिंडरमध्ये पाणी असलं तर रॉड वाकेल.”

कप्तानांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“तेलाच्या तळाशी साचलेलं पाणी ओढून घे, बाळ. आणि चाखून बघ.”

तिने हातपंपाने तळाचं पाणी काढलं, एक थेंब जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. “खारट.”

“म्हणजे...” आप्पा अडले. शब्द सापडेना बहुतेक.

“म्हणजे बाहेरचं पाणी,” तिने सावरून घेतलं. “इंजिन थंड ठेवायला आत फिरतं ते नव्हे. म्हणजे ते आतलं पाणी अडवणारं हेडचं गॅस्केट शाबूत आहे.”

“हां. तेच म्हणत होतो. आता इंजेक्टर काढ, सिलिंडरची तोंडं मोकळी होतील. माझा हात थरथरतो.”

तिने एकेक इंजेक्टर काढला आणि पान्याने इंजिन हातानेच फिरवलं. शेवटच्या सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी उडाली ती थेट कप्तानांच्या इस्त्रीच्या शर्टावर.

“शेवटच्याच का?” आप्पांनी विचारलं.

“धुराच्या नळीला तोच जवळ. पाणी धुराच्या वाटेने उलटं आलंय.”

“मग नळीच्या वळणावरचा एल्बो सडला असेल. बघ.”

तिने एल्बो उतरवला. आप्पांनी तिला तो पान्याच्या टोकाने सगळीकडून वाजवून बघायला लावला. आवाज खणखणीत आला. एल्बो ठणठणीत होता.

आप्पांनी काठीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. आप्पा हरले की काय, असं तिला वाटलं. आता सांगून टाकावं का?

“बोट चालताना पाणी शिरतं की उभी असताना?” त्यांनी अचानक विचारलं.

“उभी असताना!” कप्तान जरा जास्तच घाईने म्हणाले.

“बंद इंजिनात पाणी ढकलणार कोण? कुणी नाही. ते आपोआप ओढलं जातं. पिंपातून नळीने पाणी काढतो ना आपण, एकदा ओढ लागली की वाहतच राहतं, तसं. ती ओढ तोडायला वर काहीतरी असतं. काय बरं म्हणतात...”

“हवेची झडप!” तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

“काढ ती.”

खाऱ्या पाण्याच्या पाइपाच्या कमानीवरची झडप तिने काढली. फुंकर मारली तर हवा इकडची तिकडे होईना. आत मीठ घट्ट बसलं होतं. परवा तिनेच ओलं करून ठासलेलं.

कप्तानांना सगळं आधीपासून ठाऊक होतं, तरी त्यांनी तोंडात बोट घातलं. “उस्ताद, कमाल आहे तुमची! बादलीवर बसल्या बसल्या!” यात नाटक तिळभरही नव्हतं. तिलाही वाटलं, अख्ख्या किनाऱ्यावर असा माणूस दुसरा नसेल, आणि तो आपला बाप आहे.

झडप धुतली, तेल दोनदा बदललं, इंजेक्टर परत बसवले. सगळं तिच्याच हातून, आप्पांच्या नजरेखाली. दुपारी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि कप्तानांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा मागवला. आप्पांनी काठोकाठ भरलेला कप उजव्या हाताने उचलला. एक थेंब सांडला नाही. ते बघून तिचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांच्या खोटेपणाचं सार्थक झालं होतं.

कप्तान उतारू आणायला गेले. बापलेक धक्क्यावरून घराकडे निघाले. आप्पांची चाल आज मोकळी होती. कोपऱ्यावर ते थांबले, मागेपुढे कुणी नाही असं बघून घेतलं आणि हळूच म्हणाले,

“बाळ, पुढच्या खेपेला डिझेलचा पंप बिघडव. तेवढंच एक तुला शिकवायचं राहिलंय.”