जिभेची पारख

युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या माळावर प्राध्यापक आन्सेल्मनी जन्मभर जीवाश्म शोधले होते. आज ते बायको ओदिलसोबत, तिथेच लढाईत बेपत्ता झालेल्या मुलाचा माग काढत होते. वाकून त्यांनी पांढुरका तुकडा उचलला आणि सवयीने जिभेला लावला. दगड जिभेवरून घसरतो, हाड चिकटतं. कैक विद्यार्थ्यांना त्यांनी हेच शिकवलं होतं. "दगड चाटायची खोड काही जाणार नाही तुमची," ओदिल करवादली. "लग्नातही खिशात गोटेच होते." तुकडा जिभेला चिकटला. त्यांचा चेहरा पाहून तिचा आवाज बारीक झाला. "काय आहे हो?" नमुन्याची चुकीची ओळख सांगणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढत. "शिंपला," ते म्हणाले. "फार जुना." "मग टाका की." त्यांची मूठ उघडेना. ओदिलने गळ्यातला रुमाल सोडून गवतावर पसरला. "कुणाचं का लेकरू असेना, द्या इकडे."