आत्ताच निघाले

कोपऱ्यातल्या टेबलावर वेटर गंगारामने आजही ‘राखीव’ची पाटी ठेवली. लॉकडाऊननंतर बार उघडून तीन महिने झाले, पण मोहिले साहेब काही फिरकले नव्हते. कोरोनात कितीतरी नेहमीची माणसं गेली होती. विचारायचा धीर होत नव्हता.

शेवटी त्याने साहेबांच्या घरी फोन लावला. पूर्वी वहिनींचाच फोन यायचा, आणि साहेब समोर बसलेले असताना हा बिनदिक्कत सांगायचा, “आत्ताच निघाले, वहिनी.”

“वहिनी, मी बारमधून गंगाराम. साहेब...”

तेवढ्यात पलीकडून साहेबांचाच आवाज आला, “अगं, शेंगदाणे मी तळलेत, दोन्ही ग्लास भरलेत. येतेस ना?”

“आत्ताच निघाले, गंगाराम,” वहिनी हसू दाबत म्हणाल्या.

“सावकाश येऊ द्या, वहिनी,” म्हणत गंगारामने ती पाटी उचलली.