ताईचे खांदे

"यात मी कुठाय?" ताईनं विचारलं आणि चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं.

धाकट्या भावाच्या कंपनीचा कॉम्प्युटर गेम आज सकाळीच बाजारात आला होता, आणि ती मुद्दाम सुट्टी टाकून त्याच्याकडे आली होती. पडद्यावर जमाती ओळीनं उभ्या होत्या. यक्ष, बुटके, सरडेमुखी आणि शेवटी डोंगरराक्षस. प्रत्येक जमातीत एक पुरुष, एक बाई. ज्याला जे व्हायचं ते निवडायचं आणि खेळायला लागायचं. राक्षसांची जोडी धाकट्यानं काढली होती. चित्रं काढायचा पगार मिळतो, यावर ताईचा अजूनही पुरता विश्वास नव्हता.

वर्षभरापूर्वी त्यानंच फोनवर बढाई मारली होती. "ताई, राक्षसीण काढतोय. हुबेहूब तू."

"मेल्या," ती म्हणाली, आणि मग अख्ख्या गोदामाला सांगत सुटली. ती सामान हलवणाऱ्यांच्या टोळीत कामाला होती. लाकडी कपाट एकटी पाठीवर घेऊन जिने चढायची. आई गेल्यावर धाकटाही त्याच पाठीवर वाढला होता.

चित्रात त्यानं जीव ओतला. रुंद खांदे, आखूड मान, कपाट आदळून तुकडा उडालेला पुढचा दात, उभं राहताना डाव्या पायावर टाकलेला भार. मीटिंगमध्ये सगळे बघतच राहिले. मग मुख्य डिझायनर म्हणाला, "झकास आहे रे. पण आपल्या सगळ्या जमातींच्या बायकांना सांगाडा एकच. सगळे पोशाख त्यावरच बेतलेत. हिला त्यातला एक तरी होईल का? आणि हिच्या एकटीसाठी वेगळे करत बसायला वेळ कुणाला आहे?"

पुरुषांचे सांगाडे मात्र जमातीगणिक वेगळे होते. याला कुबड, त्याला ढेरी. तिथे सगळ्यांकडे वेळच वेळ होता.

हे धाकट्याच्या अगदी ओठावर आलं होतं. तो एवढंच म्हणाला, "बघतो." संध्याकाळपर्यंत राक्षसीण तयार झाली. कंबर यक्षिणीची, नाक यक्षिणीचं, वर हिरवा रंग आणि दोन नाजूक सुळे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मूळ चित्र टाकून देववेना, म्हणून त्याला दाढी चढवली आणि ते राक्षसाला देऊन टाकलं. ताईला काही कळवलं नाही. गेम येईपर्यंत ती विसरेल, असं त्याला वाटलं होतं. ताई कधी काही विसरली होती?

तिनं माउसचा बाण आधी राक्षसिणीवर नेला.

"ही आजारी आहे का रे?"

धाकटा हसला नाही. बाण शेजारी सरकला. राक्षस डाव्या पायावर भार टाकून उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि तुटका दात दिसला. ताईची जीभ आपोआप स्वतःच्या दाताकडे गेली.

"अगं, ते काय झालं..." धाकट्याचे कान तापले. सांगाडा, पोशाख, वेळ, सगळं तो भडाभडा बोलून गेला. बोलता बोलता आपण डिझायनरचीच वाक्यं म्हणतोय हे त्याला कळलं आणि तो थांबला. त्या दिवशी एकदा तरी 'नाही' म्हणायला हवं होतं. फार तर काय झालं असतं?

ताईनं अंगातल्या चौकडीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि राक्षसावर क्लिक केलं.

"एवढं तोंड नको पाडूस, छोट्या," ती म्हणाली. "कपड्यांच्या दुकानातही मला हेच सांगतात. तुमच्या मापाचं बायकांत नाही, पुरुषांच्या बाजूला बघा."