शेजारचा ब्रेक

बाबा गेले आणि त्यांची गाडी ब्रेक मारला की थरथरायला लागली. लेक त्यांच्याच गॅरेजात मिस्त्री झालेली. त्यांचा धडा तिला तोंडपाठ होता. "स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं बघ, बूड थरथरलं तर मागची."

ह्या गाडीत दोन्ही थरथरायचं.

तिने पुढच्या ब्रेकच्या डिस्क बदलल्या, मागच्या ब्रेकचे ड्रम घासून घेतले आणि चक्कर मारायला निघाली.

ती शिकत असताना बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक पायाने दाबायचे. तिथली रबरी मॅट टाचेएवढी झिजली होती. वर पुन्हा म्हणायचे, "उशीर केलास, पोरी." आठवून तिला हसू आलं.

वळण आलं. शेजारची मॅट झिजल्या जागी हळूच दबली.

गाडी जराही न थरथरता थांबली. तिचा पाय अजून ब्रेकवर पोचलाच नव्हता.